इंद्रभान पेंटर आणि पांढऱ्या उंदरांच्या नसा

मेहकरला बसस्टँडमागच्या गल्लीत माझं स्टेशनरीचं दुकान आहे. एक दिवस इंद्रभान पेंटर तिथे आला आणि त्यानं सगळ्यात बारीक टोकाचं काळं पेन मागितलं. मी दिलेलं पेन त्यानं कागदावर ओढून पाहिलं आणि नाराजीनं मान हलवली.

"याच्याहून बारीक नाही का, शेखरभाऊ?"

"याच्याहून बारीक घेऊन करशील काय? पाटीवर दिसंल तरी का ते?"

"पाटी नाही. उंदराची नस काढाची आहे."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. मी अकोल्याहून पेन मागवून दिलं आणि त्या निमित्तानं ही हकिकत कळायला लागली. पुढे वर्षभर तो पेन आणि कागद न्यायला येत राहिला, येईल तेव्हा थोडं थोडं सांगत राहिला. बाकीचं मला फार्मसी कॉलेजातल्या समता मॅडमकडून कळलं. काही मी स्वतः पाहिलं.

इंद्रभान मूळचा डोणगावकडचा. दहावीनंतर चिखलीच्या एका पेंटरच्या हाताखाली राहून अक्षरं शिकला. एके काळी मेहकर तालुक्यात डोळे मिटून कुठलीही पाटी दाखवा, ती त्याचीच निघायची. विहारांच्या कमानी, दवाखाने, दूध डेअऱ्या, शाळेच्या भिंतीवरचे पाढे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मुलांची नावं. 'क्ष' हे त्याचं आवडतं अक्षर. ज्या दुकानाच्या नावात 'क्ष' असेल त्याची पाटी तो जास्त वेळ घेऊन रंगवायचा. मग फ्लेक्स आलं. इंद्रभान त्याला कधी शिव्या देत नाही. "लवकर होते, चकचकीत दिसते, लोकं घेतीनच ना," एवढंच म्हणतो. त्याच्याकडे राहिल्या भिंती आणि दारं.

असंच दारं रंगवायचं एक काम त्याला दोन वर्षांपूर्वी चिखली रस्त्यावरच्या एका फार्मसी कॉलेजात मिळालं. कॉलेजच्या मागे एक बैठी इमारत आहे. औषधांच्या प्रयोगांसाठी उंदीर ठेवतात ते तिथेच. बाहेरच्या दारावर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' असं लिहायचं होतं. आतलं दार काचेचं. लिहिता लिहिता इंद्रभानला त्यातून पिंजऱ्यांच्या दोन रांगा दिसायच्या. उंदरांना खाऊ-पिऊ घालणारा, त्यांचे पिंजरे धुणारा पुंजाजी नावाचा माणूस सारखा आत-बाहेर करत होता.

"पुंजाजी, या रांगेतले अन् त्या रांगेतले उंदीर येगळे काऊन ठेवले? सारे तं पांढरेच आहेत."

पुंजाजीच्या आधी मागून उत्तर आलं. "दोन वेगळे वाण आहेत ते."

या समता मॅडम. साखरखेर्ड्याच्या. वडील एसटीत कंडक्टर होते. नागपूरला शिकून त्या याच कॉलेजात शिकवायला लागल्या होत्या आणि जोडीला पीएचडी करत होत्या.

"म्हंजे दोन जाती," इंद्रभान म्हणाला.

"वाण म्हणा, काका. जात म्हटलं की आपल्याकडे लगेच वर-खाली सुरू होतं. आपल्या सोयाबीनचे कसे वाण असतात, तसे हे. एकाचं नाव विस्टार, दुसऱ्याचं स्प्रॅग डॉली."

त्यांनी पुंजाजीला दोन्हीकडचा एक एक उंदीर काचेजवळ आणायला लावला. एकाचं डोकं रुंद, कान मोठे. दुसऱ्याची शेपटी लांब, जवळजवळ अंगाएवढी. इंद्रभाननं ब्रश डब्यात ठेवला आणि काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं.

"हे बाहेरून झालं. आतून कसे असतात? सारखेच, का तथीबी फरक?"

समता मॅडम मला पुढे म्हणाल्या, "दार रंगवायला आलेल्या माणसानं माझ्या पीएचडीचा विषय एका वाक्यात विचारला. मला त्याचं उत्तर माहीत असतं तर मी पीएचडी कशाला केली असती?"

विषय असा होता. कमरेच्या मणक्यांतून काही नसा निघतात, त्या एकत्र येऊन एक जाड नस होते आणि मांडीच्या मागून पायात उतरते. माणसाची ती नस दुखायला लागली की आपण सायटिका झाला म्हणतो. उंदरालाही ती असते. दुखणं कमी करणाऱ्या औषधांची परीक्षा घेताना जगभरच्या प्रयोगशाळा उंदराच्या याच नसेवर काम करतात. एके ठिकाणी एक वाण वापरतात, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत की वाद होतो. समता मॅडमचं म्हणणं, वाद घालण्याआधी दोन्ही वाणांत ती नस मुळात सारख्याच मुळ्यांपासून बनते का, ते तरी पाहू.

पाहायचं म्हणजे मेलेल्या उंदराची मांडी आणि कंबर उघडून नस मोकळी करायची आणि तिची नोंद ठेवायची. त्यांची अडचण तिथेच होती. नस पांढरी, तिच्या भोवतीचा पडदा पांढरा, वरून दिव्याची चमक. फोटोत सगळं एकमेकांत मिसळून जायचं. डोळ्यांना कळायचं ते कॅमेऱ्याला कळत नव्हतं. म्हणून दारावरची इंद्रभानची अक्षरं वाळायच्या आत त्यांनी विचारलं, "काका, समोर आहे ते जसंच्या तसं काढता येईल का तुम्हाला?"

"काढता येईन का म्हंजे? तेच तं करत आलो."

घरी मात्र त्याची बायको केसरबाई बिथरली. रोज सकाळी पंचशील म्हणणारी बाई. "जीव मारून त्याच्या नसा पाहाच्या, अन् तुम्ही त्याचे चित्रं काढान? मले नाही पटत."

हा प्रश्न इंद्रभाननं जसाच्या तसा कॉलेजात नेला. मॅडमनी तो हसण्यावारी नेला नाही. त्यांच्या कामासाठी वेगळा एकही उंदीर मारायचा नव्हता. कॉलेजात एका औषधाचा रीतसर परवानगी घेतलेला प्रयोग चालू होता. तो संपल्यावर जे उंदीर एरवी जाळून टाकले असते, तेच त्या मागून घेणार होत्या. केसरबाईनं ऐकून घेतलं. पटलं असं काही म्हणाली नाही, पण दुसऱ्या दिवशी डबा भरून दिला.

पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपमध्ये इंद्रभानला फक्त स्वतःच्या पापण्या दिसल्या. काळ्या, जाड, झाडूच्या काड्यांसारख्या. मॅडमनी दोन्ही भिंगं त्याच्या डोळ्यांच्या अंतराला लावून दिली. डोळे जरा लांब धरायला सांगितले. एकदम खोली उघडावी तसं समोर काहीतरी उघडलं. लालसर मांसाच्या दोन भिंती चिमट्यांनी दोन बाजूंना ओढलेल्या, मध्ये एक पांढरा, ओला, चमकणारा दोर. गुडघ्याच्या वर तो फुटून तीन झालेला. एक जाड, एक मध्यम, एक बारीक.

"पीळ आहे का हो हिले?" त्यानं विचारलं. "आंगावर बारीक बारीक लहरी दिसून राह्यल्या."

"पीळ नाही. आतले तंतू नागमोडी असतात. पाय ताणला की ते सरळ होतात, म्हणून तुटत नाहीत."

इंद्रभाननं मान वर केली, स्वतःचा पाय लांब केला, परत घेतला. मग पुन्हा भिंगाला डोळे लावले. त्या दिवशी त्यानं चित्र काढलंच नाही, नुसतं पाहिलं.

पुढच्या काही बैठकांत त्यानं चार चित्रं पुरी केली. मला त्यांतलं एक त्यानं दुकानात दाखवलं होतं. काय रेष होती! नस कमरेतून निघून मांडीत अशी उतरत होती, की जणू कमानीवरचं वळणदार अक्षर. मी म्हटलं, "इंद्रभान, फ्रेम कर." तो खुशीत गेला.

समता मॅडमनी चारही चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मग त्यांनी त्यांतल्या एका चित्राचा उंदीर पुन्हा भिंगाखाली ठेवला.

"काका, इथे वरच्या बाजूला पाहा. मणक्याकडून एक बारीक धागा येऊन नसेला मिळतोय. चित्रात नाही तो."

"तो होय. ते काही तरी पडद्याचं लोंबून राह्यलं होतं. घाण वाटली मले, म्हणून सोडलं."

"ती नसच आहे. आणि डावा पाय आणि उजवा पाय तुम्ही सारखे काढलेत. खरे सारखे नाहीत."

इंद्रभाननं पाहिलं. नव्हते सारखे. डावीकडचा फाटा खाली फुटत होता, उजवीकडचा वर. त्यानं चित्रात दोन्ही एका ओळीत आणले होते. आणायचे असं ठरवलं नव्हतं. हातानंच आणले होते. तीस वर्षं पाटी रंगवताना त्याचा हात हेच करत आला होता. अक्षरांमधली जागा सारखी करायची, एखादा काना वाकडा वाटला तर सरळ करायचा. भिंतीला पोपडा असेल तर तिथे रंग दाबून भरायचा.

"मंग कॅमेराच बरा तुमचा," तो म्हणाला आणि ब्रशची पिशवी उचलून निघाला.

त्यानंतर तो कॉलेजात गेला नाही. माझ्या दुकानासमोरून सायकलनं जायचा, थांबायचा नाही. एकदा मीच हाक मारली. तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं. राग मॅडमवर नव्हता. "अथी लागलं ना," छातीवर बोट ठेवून म्हणाला. "डोळ्यासमोर असून मले दिसलं नाही, शेखरभाऊ. अन् मी लोकायले सांगत फिरतो का आपली नजर लय पक्की आहे." मग चहा घेतला आणि उठता उठता म्हणाला, "तो बारीक धागा दुसऱ्या वाणात बी असंल का? ते इचारायचंच राह्यलं."

मला वाटतं तो प्रश्नच त्याला परत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉलेजच्या दारात उभा होता. मॅडमनी त्याला बसवलं, पण काम आता वेगळ्या रीतीनं करायचं ठरलं. कुठला उंदीर कुठल्या वाणाचा हे इंद्रभानला सांगायचं नाही. स्वतः मॅडमनीही जाणून घ्यायचं नाही. ते फक्त पुंजाजीला ठाऊक. उंदीर भिंगाखाली यायचा तो कापडानं झाकून. शेपटी, कान, डोकं काही दिसायचं नाही, फक्त उघडलेला भाग.

"असं काऊन?" इंद्रभाननं विचारलं.

"आपल्याला जे दिसावंसं वाटतं, तेच दिसायला लागतं म्हणून. तुम्हालाही आणि मलाही. मला तर फरक सापडायला हवा आहे ना."

हे मॅडमनी स्वतःबद्दल सांगितलं याचं त्याला फार अप्रूप वाटलं.

आता तो एकेका चित्राला आधीच्या तिप्पट वेळ घ्यायचा. काही खोडायचं नाही, काही सरळ करायचं नाही. पडदा वाटला तरी काढायचा आणि शेजारी प्रश्नचिन्ह करायचं. मग मॅडम टोकदार सुईनं तो भाग हलवून पाहायच्या आणि नस आहे की नाही ते ठरवायच्या. हळूहळू त्याला स्वतःलाच कळायला लागलं. पडदा हलवला की कुठेही जातो. नस हलवली की ती कुठून तरी येते आणि कुठे तरी जाते.

चहाच्या वेळी मात्र तो पुंजाजीच्या मागे लागायचा. "सांग ना बे, आजचा लांब शेपटीवालाच होता ना? धागा होता त्याले."

"मॅडमनं सांगतलं, मेलो तरी सांगाचं नाही."

"अर्धंच सांग."

"अर्धं कसं सांगू? अर्धा उंदीर असते का?"

याच दिवसांत एकदा मी त्याच्या घरी गेलो होतो. केसरबाईला डाव्या पायाचा त्रास होता. डॉक्टरांनी सायटिका सांगितलेला. ती ओट्यावर पाय लांब करून लसूण सोलत बसली होती आणि इंद्रभान शेजारी बसून तिच्या पोटरीवरून बोट फिरवत होता.

"अथून येते ती. गुडघ्याच्या मांगं फुटते. एक फाटा असा जाते, एक असा. मंग तुले अथी दुखत असंल."

"नाही."

"नाही कशी?"

"अथी नाही दुखत. बाहीरच्या अंगानं दुखते, करंगळीपर्यंत मुंग्या येतात. तुमच्या उंदरायले करंगळी आहे का?"

"आहे ना. पाच बोटं आहेत मागच्या पायाले."

केसरबाईनं लसूण खाली ठेवला. "खरंच? पाच?" मग तिनं स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि आपल्या बोटानं, कुठून कळ निघते आणि कुठे जाते, ते दाखवायला लागली. इंद्रभाननं खिशातून कागद काढून ती वाट उतरवून घेतली. मी आलोय हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

पाऊसकाळ संपून सोयाबीन घरात येईपर्यंत चित्रं पुरी झाली. एका सुट्टीच्या दिवशी मॅडमनी कॉलेजचा मोठा वर्ग उघडून घेतला. मलाही बोलावलं होतं, कारण कागद माझ्या दुकानातले. बाकं सरकवून सगळी चित्रं जमिनीवर मांडली. पुंजाजीनं तोंड उघडण्याआधी इंद्रभान म्हणाला, "मले एकदा लावून पाहू द्या." त्यानं गुडघ्यावर रांगत चित्रांचे दोन भाग केले. ज्यांत वरून बारीक धागा येऊन मिळत होता ती खिडकीकडे, ज्यांत नव्हता ती भिंतीकडे. भाग जवळजवळ सारखे झाले. मॅडमच्या चेहऱ्यावरून कळत होतं, त्यांचाही हाच अंदाज होता. हेच त्यांना हवं होतं.

"सांग आता," इंद्रभान पुंजाजीला म्हणाला. "खिडकीकडचे सारे लांब शेपटीचे."

पुंजाजी एकेका चित्राजवळ जाऊन बोलायला लागला. विस्टार. स्प्रॅग डॉली. विस्टार. विस्टार. खिडकीकडे दोन्ही होते. भिंतीकडेही दोन्ही होते. एक चित्र तर इंद्रभानला ठेवायलाच जागा नव्हती. त्या उंदराच्या डाव्या पायाला धागा होता, उजव्या पायाला नव्हता. ते त्यानं मध्येच ठेवलं होतं.

समता मॅडम खाली बसल्या. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "म्हणजे माझा मूळ मुद्दाच गेला," त्या हळूच म्हणाल्या.

इंद्रभान मधल्या चित्राकडे पाहत होता. "मॅडम, एकाच उंदराच्या दोन पायात फरक आहे. मंग वाणावाणात पाहाच्या आधी पायापायात पाहा लागंल ना?"

"तेच लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. आणि मग, मला आठवतं, त्या उठल्या, चपला बाजूला काढल्या आणि चित्रांमधून फिरायला लागल्या. जरा वेळानं पट्टी मागितली. नस गुडघ्याच्या वर नेमकी कुठे फुटते ते मोजायला सुरुवात केली. पुंजाजी पट्टी धरायचा, इंद्रभान चित्र धरायचा. संध्याकाळपर्यंत एवढं दिसलं, की ती जागा एका वाणात किंचित वर असावी. "असावी," मॅडमनी पुन्हा पुन्हा बजावलं. "एवढ्याशा उंदरांवरून छातीठोक सांगायचं नाही." पण आता त्यांचा आवाज पडलेला नव्हता. जाताना त्या इंद्रभानला म्हणाल्या, की फरक सापडला असता तर त्या आज निवांत झोपल्या असत्या, आता झोप येणार नाही.

त्यांचा लेख बऱ्याच उशिरा छापून आला. त्यात त्यांनी लिहिलं, की या नसेच्या मुळ्यांवर प्रयोग करणाऱ्यानं वाणाच्या नावावर विसंबू नये, प्रत्येक उंदराची रचना आधी तपासावी. छापण्याआधी लेख तपासणाऱ्यांनी चित्रं नकोत, फोटो हवेत असा आग्रह धरला होता. मग मॅडमनी नसांना रंग देऊन, दिव्याची जागा बदलून पुन्हा फोटो काढले. इंद्रभानची फक्त दोन चित्रं राहिली, खाली बारीक इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव. मी म्हटलं, वाईट वाटलं का? त्याला त्याचं काही नव्हतं. त्याची तक्रार निराळीच होती. छापताना चित्र लहान केल्यामुळे बारीक धागा होता त्यापेक्षा जाड दिसत होता. "लोकायले वाटंल, इंद्रभाननं वाढवून काढला."

कॉलेजातलं त्याचं काम तिथे संपलं. तो पुन्हा भिंतींकडे वळला. हिवरा आश्रमाकडच्या एका शाळेची लांबच लांब भिंत त्याला मिळाली होती आणि तिथे तो पाढे लिहीत होता. मला वाटलं, उंदरांचं वेड आता निवलं असेल.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो. अंगणात जुन्या फ्लेक्सचा तुकडा अंथरलेला. त्यावर बोकडाचा अख्खा मागचा पाय, कमरेपासून, आणि त्यावर वाकलेला इंद्रभान, नाकावर चष्मा, हातात ब्लेड. खाटकानं विचारलं होतं म्हणे, एवढा अख्खा पाय, तोही न तोडता, कार्य आहे का घरी? यानं सांगितलं होतं, नस पाहायची आहे. खाटकानं पुढे काही विचारलं नाही.

"हे पाह्य, शेखरभाऊ," तो मान वर न करता म्हणाला. "इतकी जाड आहे, भिंगच लागत नाही. पण अथी फुटाले पायजे होती, फुटून नाही राह्यली."

केसरबाई चुलीपाशी कांदे कापून तयार होती. "मसाला वाटून कधीचा ठेवला मी. तुमचं होईन तवा होईन," म्हणत ती बाहेर आली. पदर खोचून तीही त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि ओणवून पाहायला लागली.

"ही का?" तिनं विचारलं.

"तो पडदा आहे. हलवून पाह्य, कुठंबी जाते."

तिनं करंगळीनं हलवून पाहिलं. मग जरा खाली, मांसाच्या दोन पदरांच्या मधे, बोट घातलं.

"मंग ही?"

इंद्रभाननं चष्मा वर सरकवला आणि तिच्या बोटाशी डोकं नेलं.

"थांब," तो म्हणाला. "हलवू नको."